‘सेक्स कॉमेडी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : स्वतःच्या पैशाने काढलेल्या एका हलक्याफुलक्या सेक्स कॉमेडीबद्दल लिहायचंय, तर त्या प्रकाराला मराठी शब्द कोणता? आणि ‘बॉक्स ऑफिस’ला तिकीटबारी म्हणावं की गल्ला?

‘लैंगिक विनोदपट’ नको. लैंगिक हा शब्द शिक्षण, आरोग्य आणि कायद्यात रुळलाय, त्यात हसू शिरत नाही. ‘अश्लील’ म्हटलं की निवाडाच देऊन झाला. ‘वाह्यात’मध्ये तिटकारा आहे. माझं मत सरळ ‘चावट’ला.

हा शब्द मला फार आवडतो, कारण तो मुळात जिभेचा आहे. जुन्या मराठीत चावटी म्हणजे वायफळ बडबड, वटवट. तोंडाळपणाकडून तो हळूहळू सूचक बोलण्याकडे सरकला. अजूनही आजी नातवाला ‘चावट कुठला!’ म्हणते तेव्हा त्यात लाडच असतो. म्हणून जिथे गंमत दाखवण्यापेक्षा बोलण्यात आहे, तिथे ‘चावट’ अगदी चपखल बसतो.

दादा कोंडक्यांचेच चित्रपट घ्या. पडद्यावर दिसतं त्यापेक्षा कानावर पडतं त्यात सगळा खेळ. ‘आली अंगावर’ (१९८२) हे नावच बघा. भांडायला धावून येणारा अंगावर येतो, जबाबदारीही अंगावर येते. दोन्ही रोजच्या बोलण्यातले प्रयोग. तिसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात उगवतो, आणि तिथे सेन्सॉरची कात्री कशी पोचणार? ही रीत तमाशाची. गौळणीतली मावशी, बतावणीतला सोंगाड्या असंच बोलतात. दादा ‘विच्छा माझी पुरी करा’ या वसंत सबनिसांच्या वगनाट्यातून आले आणि निर्माता म्हणून ‘सोंगाड्या’ (१९७१) काढला, तोही सबनिसांच्याच लेखणीतून. त्यामुळे ‘द्व्यर्थी’ हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. श्लेषही द्व्यर्थीच, पण प्रत्येक श्लेष चावट नसतो.

आता दुसरा भाग. बारी म्हणजे लहान खिडकी. तिकीटबारी ही जागा, म्हणून चित्रपट तिकीटबारीवर चालतो किंवा आपटतो. गल्ला म्हणजे दुकानदाराची पैशाची पेटी, आणि त्यात जमलेली रोकडही. म्हणून गल्ला भरतो, जमतो. ‘गल्ल्यावर आपटला’ असं लिहू नका. शिवाय गल्ला म्हणजे निर्मात्याचा नफा नव्हे. त्यातून कर, थिएटर आणि वितरक यांचे वाटे जायचे असतात. पदरचे पैसे घालणाऱ्याबद्दल लिहिताना हा फरक सांभाळायलाच हवा.

दादांच्या काळी यश सांगायचं एकक मात्र आठवडा होतं. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव. त्यांच्या नऊ चित्रपटांनी तो गाठला आणि गिनेस बुकात नोंद झाली. पण आठवडे मोजायला आधी थिएटर हातात हवं. ‘सोंगाड्या’च्या वेळी दादरच्या कोहिनूरमध्ये देव आनंदच्या हिंदी चित्रपटासाठी त्याला जागा नाकारली गेली होती. बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले तेव्हा तो तिथे लागला. तिकीटबारी उघडल्यावर पुढचं काम प्रेक्षकांनी केलं.

तेव्हा ‘चावट विनोदी चित्रपट’ असं बिनधास्त लिहा. आणि तो किती आठवडे टिकला, हे कळलं तर तेही लिहा.