पुश स्क्रूड्रायव्हरचं कुलूप आपोआप सुटतं, बाजूनं भोक पाडून स्क्रू बसवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मूठ दाबली की दांडा गरगर फिरतो, तसला जुना स्प्रिंगचा स्क्रूड्रायव्हर हाती आलाय. दांडा पूर्ण आत दाबून पुढची कडी फिरवली की तो आतच अडकून राहायला हवा. पण हल्ली तो मध्येच सुटतो. बाजूनं भोक पाडून एक बारीक स्क्रू आवळला तर चालेल का, की वेगळं काही कुलूप करता येईल?

भोक पाडू नका. निदान हे पूर्ण वाचेपर्यंत तरी नको.

माझ्याकडे असाच एक आहे, छाप कधीच घासून गेलेला. एकदा कपाटाच्या खालच्या फळीखाली पाठीवर पडून काम करत होतो आणि ड्रायव्हर ॲप्रनच्या छातीवरच्या खिशात होता, टोक वर. कूस बदलताना खिशाच्या शिवणीला घासून कडी जराशी फिरली आणि दांडा सुटला. हनुवटीखाली दीड सेंटीमीटरची रेघ उमटली. आजही दाढी करताना ब्लेड तिथे अडतं. वीतभर वर डोळा होता. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

तुमचं कुलूप दुरुस्त होईपर्यंत ड्रायव्हर उघडाच ठेवा, दांडा पूर्ण बाहेर. लांब दिसतो, खोक्यात मावत नाही, मान्य. पण त्या अवस्थेत स्प्रिंगचा जोर सगळ्यात कमी असतो आणि दांड्याला बाहेर यायला जागाच उरलेली नसते. आत दाबलेला ड्रायव्हर मात्र भरलेल्या बंदुकीसारखा हाताळायचा. टोक कुणाकडे नाही, स्वतःकडे तर नाहीच. कुलूप सोडताना चक, म्हणजे बिट धरणारा दांड्याचा पुढचा भाग, मुठीत धरायचा आणि दांडा हळूहळू बाहेर येऊ द्यायचा.

हा जोर किती असतो ते घरच्या वजनकाट्यावर कळतं. बिट काढून टाका, काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा, त्यावर चक टेकवून मूठ सरळ खाली दाबत न्या आणि आकडा बघत राहा. माझ्या ड्रायव्हरचा आकडा सुरुवातीला साधारण 1 किलो आणि दांडा पूर्ण आत गेल्यावर 3.2 किलो भरला. दांड्याची चाल 12 सेंटीमीटर. सरासरी जोर 2.1 किलो धरला तर साठलेली ऊर्जा होते अडीच ज्यूलच्या आसपास. हे ऐकायला काहीच वाटत नाही. पण 1 किलोचा हातोडा 25 सेंटीमीटरवरून सोडला तर तेवढीच ऊर्जा होते, आणि इथे ती सगळी 6 मिलीमीटर रुंदीच्या पात्याच्या टोकावर येते. थोडी घर्षणात जाते, पण तिच्या भरवशावर खिशात ठेवू नये.

आता कुलूप. या ड्रायव्हरमध्ये अडवणारे भाग दोन असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. मुठीजवळ पुढे-मागे सरकणारं बटण असतं, ते दिशेचं. एका टोकाला स्क्रू आवळतो, दुसऱ्या टोकाला सैल होतो आणि मध्ये ठेवलं तर साध्या ड्रायव्हरसारखा घट्ट राहतो. दांड्यावर दोन मळसूत्री खाचा एकमेकींना छेदत जातात, एक उजवी आणि एक डावी, म्हणून दांडा शंकरपाळ्याच्या चौकड्यांनी भरल्यासारखा दिसतो. प्रत्येक खाचेसाठी आत एकेक नट असतो आणि दिशेचं बटण ठरवतं की कोणत्या नटाला खटका अडवणार. खटका नटाला दाबतानाच अडवतो. परतीच्या वाटेवर तो टकटक करत दात सोडत जातो, कारण तसा सोडला नाही तर दांडा बाहेरच येणार नाही. म्हणजे दांडा बाहेर येऊ देणं हे या यंत्रणेचं रोजचं काम आहे. तिच्याकडून कुलपाची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

खरं कुलूप म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेली दातेरी कडी. तुमचीच कडी सुटते आहे.

ती झिजली असं ठरवण्याआधी धुऊन बघा. माझ्या अंदाजानं निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि लाकडाचा भुसा कडीखाली जमून त्याचा डांबरासारखा थर होतो. कडी फिरते, पण शेवटपर्यंत फिरत नाही. तुम्हाला वाटतं लागली, पण कडीच्या आतला कंगोरा, म्हणजे दांड्याला अडवणारा दात, खाचेच्या काठावरच टेकलेला असतो. पुढचं टोक रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, पुसा आणि शिलाई मशीनचं पातळ तेल दोन थेंब द्या. ग्रीस भरू नका. त्यानं आतले खटके आळसावतात आणि मग ड्रायव्हर अर्ध्या चालीत घसरायला लागतो.

आणखी एक फसगत. दिशेचं बटण मध्ये असताना दांडा आत दाबू पाहिला तर तो जात नाही, कारण दोन्ही नट एकदम अडलेले असतात. मग माणूस कडीशी झटापट करत बसतो. कुलूप लावताना आणि काढताना बटण कोणत्याही एका टोकाला हवं.

धुऊनही सुटत असेल तर भिंग घेऊन कंगोऱ्याची कड बघा. नवी असताना ती काटकोनात असते. झिजली की गोल होते, साबणाच्या वडीच्या कोपऱ्यासारखी. गोल कडेवर स्प्रिंगचा जोर पडला की त्यातला थोडा भाग कडीला बाजूला ढकलायला लागतो, म्हणजे कुलूप उघडायला स्प्रिंगच मदत करते. झीज कमी असेल तर बारीक कानशीनं ती कड पुन्हा काटकोनात आणता येते. दहा-पंधरा हलके हात, प्रत्येक दोन हातांनंतर लावून बघायचं. अती उत्साहानं कानस चालवलीत तर कंगोराच उरणार नाही.

आता तुमच्या स्क्रूबद्दल. बाजूनं आवळलेल्या स्क्रूचं टोक दांड्यावर कुठे टेकेल? मळसूत्री खाचांच्या जाळ्यावर. तिथे ते धातू उचलून बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, तयार करतं आणि पुढच्या प्रत्येक चालीला ती बर नटाच्या आतून किसणीसारखी फिरते. नट बहुधा पितळी असतो, दांडा पोलादी. कोण हरणार हे सांगायला नको. शिवाय स्क्रू आवळून धरणं म्हणजे निव्वळ घर्षणावर भिस्त. तीन किलोचा जोर दिवसरात्र ढकलत असताना आणि ड्रायव्हर खोक्यात आपटत असताना तो स्क्रू कधीतरी ढिला होणारच.

नवं कुलूप करायचंच असेल तर माझा पहिला फसलेला प्रयत्न ऐका, तुमचा एक रविवार वाचेल. मला वाटलं सोपं आहे. चकच्या मागे दांड्यावर एक पिन बसवू, नळीच्या तोंडाला इंग्रजी जे अक्षरासारखी खाच कापू, दाबलं की पिन खाचेत, फिरवलं की अडकली. बल्ब होल्डरमध्ये बसवतो तसंच. दोन तास कानस घासून झाल्यावर दांडा आत दाबला तर पिन खाचेच्या तोंडापासून पाव फेरा दूर. पुन्हा दाबला तर भलतीकडेच. मग डोक्यात प्रकाश पडला, थोडा उशिरानं. हा दांडा आत जाताना फिरतो! माझ्या ड्रायव्हरमध्ये 12 सेंटीमीटरला तीन फेरे, म्हणजे 4 सेंटीमीटरला एक. शेवटच्या 2 मिलीमीटरमध्येसुद्धा तो 18 अंश फिरतो, आणि दिशेचं बटण बदललं की उलटा फिरतो. वर परतीच्या वेळी खटका सोडत असल्यामुळे दांडा आणि नळी यांचा आपसातला कोन प्रत्येक चालीनंतर वेगळा. पिन नेमकी खाचेसमोर येणं हा निव्वळ योगायोग.

म्हणून दांड्याच्या बाजूची खाच ही सगळीकडून सारखी, गोल, बांगडीसारखी हवी. दांडा कोणत्याही कोनात आत आला तरी ती समोर असतेच. अडवणारा भाग नळीकडे ठेवायचा. एवढं कळलं की बाकी सुताराचं काम.

मी शेवटी जे केलं ते असं. चक आणि मळसूत्री भाग यांच्यामध्ये माझ्या दांड्यावर साधारण 8 मिलीमीटरचा गुळगुळीत गळा होता. त्यावर लेथवर, म्हणजे दांडा फिरवत धातू कापणाऱ्या यंत्रावर, 2 मिलीमीटर रुंद आणि सव्वा मिलीमीटर खोल गोल खाच घेतली. मळसूत्री भागाला हात लावला नाही. जुनी कडी काढून तिथे नवी जाड कडी केली आणि तिच्यात आडवी फट पाडून 1 मिलीमीटर जाडीच्या स्प्रिंग स्टीलची पट्टी सरकती बसवली. पट्टीत किल्लीच्या भोकासारखं भोक, एका बाजूला मोठं, दुसऱ्या बाजूला अरुंद. भिंतीवरच्या तसबिरीच्या मागे खिळ्यात अडकवायची पत्र्याची कडी असते ना, तसंच. मोठ्या भोकातून गळा मोकळा जातो आणि अरुंद भाग खाचेत बसतो. पट्टीमागे पेनातल्या स्प्रिंगचा तुकडा ठेवला. गळ्याची मागची कड थोडी उतरती केली, त्यामुळे दांडा आत दाबला की पट्टी आपोआप बाजूला होऊन खाचेत टक् करून पडते. छत्री मिटताना होते तशी.

इथपर्यंत कुणीही येईल. खरी मेख पुढे आहे. पट्टीचं बटण चुकून दाबलं गेलं तर? माझ्या हनुवटीचा अनुभव तोच सांगत होता. तेव्हा एका हालचालीनं सुटणारं कुलूप मला नकोच होतं. स्प्रिंग दांड्याला बाहेर ढकलते तेव्हा खाचेची मुठीकडची भिंत पट्टीवर दाबली जाते. त्या भिंतीच्या वरच्या काठाला मी 0.3 मिलीमीटरचा बारीक ओठ ठेवला आणि भिंत आतून तेवढी कोरली. आता पट्टीची कड ओठाच्या मागे जाऊन बसते. नुसतं बटण दाबलं तर पट्टी ओठाला अडते आणि हलत नाही. सोडवायचं तर आधी चक अर्धा मिलीमीटर आत दाबायचा, मग बटण. स्प्रिंग जितकी जोरकस तितकी पट्टी ओठामागे घट्ट. झिजलेल्या कडीत स्प्रिंग कुलपाच्या विरोधात होती, इथे ती कुलपाच्या बाजूनं आहे. बाकी मापं तुमच्या ड्रायव्हरप्रमाणे बदला, पण ही गोष्ट सोडू नका.

हे करताना एक चूक हमखास होते. दांडा अडकल्यावरही त्याला आणखी मिलीमीटरभर आत जायला जागा राहिली पाहिजे. खाच अशी घेतलीत की पट्टी पडते तेव्हा दांडा तळाला टेकलेला आहे किंवा स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेले आहेत, तर ओठ सोडवायला जागाच उरणार नाही आणि कुलूप लागेल ते कायमचं. खाचेची जागा ठरवण्याआधी दांडा पूर्ण आत दाबून गळ्यावर पेन्सिलीनं खूण करा आणि खाच त्या खुणेपासून दीड मिलीमीटर मुठीकडे घ्या.

ताकदीची चिंता करू नका. तीन-चार किलोच्या जोरानं 1 मिलीमीटरचं पोलाद तुटत नाही. तुटलंच तर ते आपटण्यानं, म्हणून पट्टी पाण्यात विझवून काचेसारखी टणक करू नका. स्प्रिंग स्टील आहे तसंच वापरा.

लेथ हाताशी नसेल तर एक साधा उपाय आहे, लोकांना तो उपाय वाटतच नाही: परतीची स्प्रिंग काढून टाका. फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रदर्सचे 'यांकी' ड्रायव्हर या प्रकारात सगळ्यात नावाजलेले. ही कंपनी 1946 साली स्टॅनलीनं घेतली. त्यांच्या 30 क्रमांकाच्या ड्रायव्हरला परतीची स्प्रिंग नव्हती, 130 ला होती. 30 नंबरवाले दर चालीला दांडा हातानं बाहेर ओढत आणि त्यांचं काम काही अडत नसे. स्प्रिंग नाही तर उडणंही नाही. वेग कमी होतो, एका हातानं काम होत नाही, पण दिवसाला चार स्क्रू लावणाऱ्याला पुरे. फक्त मागची टोपी उघडताना स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत नको. दांडा पूर्ण बाहेर असू द्या, टोपीवर जाड फडकं धरा आणि तोंड बाजूला ठेवून शेवटचे आटे सोडवा.

कुलूप दुरुस्त करा की नवं करा, खिशात टाकण्याआधी परीक्षा घ्या. मूठ व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) लाकडी ठोकळ्यांच्या आधारानं धरा, टोकासमोर जुन्या कपड्यांनी भरलेलं खोकं ठेवा. कुलूप लावा आणि लाकडी हातोडीनं नळीवर चारही बाजूंनी टकटक करा. कडी बोटानं हलवून बघा. मग काढा, पुन्हा लावा, असं पन्नास वेळा. माझं नवं कुलूप सतराव्या वेळी सुटलं होतं, कारण ओठावर कानशीची बर राहिली होती. ती पॉलिश पेपरनं काढल्यावर पुढचे पन्नास नीट गेले.

आधी रॉकेलचं करून बघा. तरीही सुटलं तर कंगोऱ्याचा जवळून एक फोटो टाका, झिजलाय की नुसता मळलाय ते फोटोत कळतं.