हापूसच्या मोहोरावर काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला

दापोलीला एमएस्सीला आलास आणि विषय घेतलास 'हवामान बदल आणि हापूस'. दोन वर्षांत एवढं आवरणार नाही बाबा, आधी छाट. माझं ऐकशील तर पुनर्मोहोर घे. थंडी लांबली की कैरी धरलेल्या काडीवरच पुन्हा मोहोर फुटतो, अन्न तिकडे वळतं आणि आधीची फळं गळतात. त्यावर जिबरेलिक आम्ल या संजीवकाची ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) फवारणी कोकण कृषी विद्यापीठाने सुचवलेली आहेच. ती कोणत्या थंड रात्रींनंतर करायची, हा प्रश्न तुझा.

तापमान फक्त वेधशाळेतून आणून भागत नाही. किनाऱ्यालगतच्या कातळावरची रात्र आणि आतल्या दरीतली रात्र एक नसते. झाडाच्या घेरातच तापमान नोंदवणारा लॉगर टांग, पण त्याला आडोसा कर. थेट ऊन लागलं की आकडा फुगतो. काड्यांना ॲल्युमिनियमचे टॅग बांध, कागदी टॅगवरची शाई दवाने जाते.

बागायतदाराला 'हवामान बदललंय का' असं विचारू नकोस, 'हो' म्हणेल आणि चहा देईल. त्यापेक्षा वाशीच्या घाऊक बाजारातून आलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या जुन्या पट्ट्या माग. पहिली पेटी कधी गेली ते त्यात तारखेसह सापडतं. (वाळवीने सोडल्या असतील तर!) आणि कल्टार (पॅक्लोब्युट्राझॉल, झाडाची वाढ रोखणारं रसायन) कधी घातलं ते विचारच. त्याने मोहोर लवकर येतो आणि तू ते श्रेय हवेला देऊन बसशील.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात मोडलेली झाडं नमुन्यात घेऊ नकोस.