लेक्कीतला मंगळवार

"ताई, यांना लेगॉसची नोकरी आलीय. तिकडे राहणं सेफ आहे का हो?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न आता माझ्याकडे वरचेवर येतो. नायजेरियातल्या लेगॉसच्या पूर्वेला, खाडी आणि अटलांटिक समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर लेक्की हे उपनगर झपाट्याने वाढतंय. पट्टीच्या पुढच्या भागात, इबेजू-लेक्कीत, २०२३ साली खोल पाण्याचं बंदर सुरू झालं. जवळच रोज साडेसहा लाख बॅरल क्षमतेची डांगोटे रिफायनरी उभी राहिली. तिच्या उभारणीत आपल्या इंजिनियर्स इंडिया लिमिटेडचा वाटा होता आणि भारतातून बरेच इंजिनियर, फिटर, वेल्डर तिकडे गेले. त्यामुळे आता ओळखीत कोणी ना कोणी 'जाऊन आलेला' निघतो.

डोंबिवलीचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तो इन्स्ट्रुमेंटेशनमधला, चाळिशीचा. ती शाळेत गणित शिकवते. मुलगी सहावीत. घरी त्याची आई, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी घेऊन चालणारी. कंपनी लेक्कीच्या सांगोटेडो भागात, गेट असलेल्या वसाहतीत घर देणार होती.

मला वाटलं होतं, ती घाबरलेली असेल आणि तो समजूत घालत असेल. निघालं उलटंच. तिला जायचं होतं. तिने लेक्कीचे मॉल, समुद्रकिनारे, शाळा सगळं मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. तो मात्र पुनःपुन्हा म्हणत होता, "मी एकटा जातो. तुम्हाला तिथे नेणं सेफ नाही." त्याच्या मोबाइलवर अपहरणाच्या बातम्या होत्या, कमरेएवढ्या पाण्यातून जाणाऱ्या गाड्या होत्या.

दोघांनी पाहिलेलं खरंच होतं. लेक्कीचा बराचसा भाग दलदलीत वाळूची भर टाकून उभा आहे, पाण्याला वाट कमी, जून-जुलैत रस्ते तुंबतात. परदेशी माणसांना ने-आण करताना अनेक कंपन्या सोबत पोलीस देतात. रात्री उशिरा लांबचा प्रवास करू नये, हे तिथे राहणारे स्वतःच सांगतात. आणि तरीही हजारो कुटुंबं तिथे मुलांचे वाढदिवस करतात, भाजी आणतात, रविवारी समुद्रावर जातात. 'सेफ आहे का' याला हो किंवा नाही असं उत्तर मी देत नाही. शिवाय माझा अनुभव असा की या शब्दाआड बहुतेक वेळा दुसरंच काही दडलेलं असतं.

म्हणून मी दोघांना दोन-दोन कोरे कागद दिले. पहिल्यावर सगळे लेक्कीत असतानाचा एक साधा मंगळवार लिहायचा, पहाटे पाच ते रात्री बारा, तासातासाने, स्वतःचाही आणि दुसऱ्याचाही. दुसऱ्यावर तोच मंगळवार, तो तिकडे आणि बाकीचे डोंबिवलीत असताना. एकमेकांना विचारायचं नाही.

पुढच्या वेळी आली तेव्हा तिचा लेक्कीचा कागद खोडाखोडीने भरलेला होता. सीबीएसईची इंडियन लँग्वेज स्कूल इलुपेजूला, म्हणजे खाडीवरच्या थर्ड मेनलँड ब्रिजच्या पलीकडे. सकाळच्या गर्दीत जायलाच दोन तास लागू शकतात. मग लेक्कीतच ब्रिटिश अभ्यासक्रमाची शाळा. पण सीबीएसईत दहावीसाठी नोंदणी नववीतच होते, म्हणजे त्याआधी परत यायला हवं. हातात दोन वर्षं. आणि सकाळी नऊनंतरच्या रकान्यात तिने फक्त प्रश्नचिन्हं काढली होती. सोबत जाणाऱ्या जोडीदाराच्या परवान्यावर तिथे नोकरी करता येत नाही, हे तिला त्या आठवड्यातच कळलं होतं. त्याच रकान्यात त्याने तिच्यासाठी लिहिलं होतं, 'आराम'. ती बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिली.

खरा उलगडा दुसऱ्या कागदावर झाला. डोंबिवलीच्या मंगळवारात त्याने तिच्या नावापुढे चार ठिकाणी 'आई' लिहिलं होतं. आईची गोळी. आईचा फिजिओ. आईचं जेवण. आईला देवळात नेणं. तिच्या कागदावर शेवटची नोंद होती: 'रात्री साडेअकरा, त्याचा फोन. मी झोपलेली.' तिथल्यापेक्षा आपलं घड्याळ साडेचार तास पुढे. तो सातला घरी पोचेल तेव्हा इथे साडेअकरा वाजलेले.

मी चारही कागद शेजारी शेजारी ठेवले. काही बोलले नाही. तोच म्हणाला, "आईला एकटं ठेवता येत नाही. पण 'माझ्या आईसाठी तू मागे थांब' हे हिला कुठल्या तोंडाने सांगू?"

ती चिडली नाही. म्हणाली, "हे सांगितलं असतंस तर मी दोन महिने मॉल बघत बसले नसते."

नाशिकला त्याची धाकटी बहीण आहे. तिला कोणी विचारलंच नव्हतं, कारण 'लेकीकडे आई कशी ठेवायची'. आणि आजींनाही कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांना घेऊन यायला सांगितलं. त्या आल्या, खुर्चीत नीट बसल्या आणि म्हणाल्या, "मला नाशिकला जायचंय. तिथे लिफ्ट आहे आणि खाली बाग आहे. मी बोलले असते तर तुम्हाला वाटलं असतं, सून नकोशी झाली."

त्यानंतरची बोलणी व्यवहाराची, पण तीही मी टाळत नाही. त्याने कंपनीकडून चार गोष्टी लेखी घेतल्या: पगार डॉलरमध्ये की नायरात, म्हणजे तिथल्या चलनात, जनरेटरच्या डिझेलचा खर्च कोणाचा, शाळेची फी कोणाची, आणि गंभीर आजारात बाहेर हलवण्याचा विमा आहे की नाही. २०२३च्या मध्यापर्यंत एका डॉलरला साधारण ४६० नायरा पडत, २०२४मध्ये ते दीड हजारावर गेले. ज्यांचा पगार नायरात होता, त्यांच्या घरी पाठवायच्या पैशांचं काय झालं असेल, याचा हिशोब करा. यलो फीव्हरची लस निदान दहा दिवस आधी. आणि मलेरिया. आपण मुंबईकर त्याला ओळखीचा समजतो, पण तिथला बहुतांश फाल्सिपॅरम जातीचा, जिवावर बेतणारा. परतल्यावर काही महिन्यांनीही ताप आला तर 'आफ्रिकेतून आलोय' हे डॉक्टरांना आधी सांगायचं.

तिने राजीनामा दिला नाही, बिनपगारी रजेचा अर्ज मात्र तयार ठेवला. जानेवारीत तो एकटा गेला. मे महिन्यात ती आणि मुलगी तीन आठवडे राहून आल्या. तिथला पाऊस सुरू झाला होता. एका दुपारी लेक्की-एपे एक्सप्रेसवेवर त्या अडीच तास अडकल्या. वसाहतीतल्या दोन भारतीय मुलांना तिने त्या तीन आठवड्यांत गणित शिकवलं. घर तिला आवडलं, रस्ता नाही.

जायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. आजी नाशिकलाच आहेत, त्यांनी हिवाळ्याचे कपडेही मागवून घेतलेत. तो सुट्टीवर आला की तिघं माझ्याकडे येणार आहेत. या वेळचा कागद मुलगी लिहिणार आहे. तिला मी अजून काहीच विचारलेलं नाही.