जळगावच्या आमच्या वाचनालयाचे २००८ सालचे चॅट रूम इंटरनेटवर खुले ठेवावे का?

नाही, आपले पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेले चॅट रूम आजही विनातक्रार चालत असले, तरी ते इंटरनेटवर खुले ठेवू नये. खानदेशातील काही संस्थांचे सर्व्हर सांभाळताना अशा जुन्या प्रणालींचा कोड मी वाचला आहे, आणि त्यांतील सर्वांत घातक दोष बहुधा एकच असतो: सदस्याने लिहिलेला मजकूर न गाळता जसाच्या तसा इतरांच्या ब्राउझरमध्ये दाखवला जातो, त्यामुळे संदेशात जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये आपोआप चालणारा कोड) दडवून कोणीही व्यवस्थापकाची सेशन कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधील खूण) पळवू शकतो आणि पासवर्ड ठाऊक नसतानाही त्याच्या नावाने आत शिरू शकतो. एसक्यूएल इंजेक्शन (लिहिण्याच्या चौकटीतून डेटाबेसला परस्पर आज्ञा देणे) आणि नुसत्या एमडी५ या जुन्या, सहज फुटणाऱ्या पद्धतीने साठवलेले पासवर्ड हे त्याच काळचे आणखी दोन दोष. शिवाय पीएचपी ५ मालिकेतील शेवटच्या ५.६ या आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्याही २०१८च्या अखेरीस थांबल्या. पर्याय म्हणून आयआरसी (गप्पांची एक जुनी इंटरनेट पद्धत) सर्व्हर बसवणार असाल, तर फाइल मूळ निर्मात्याचीच असल्याची डिजिटल सही तपासूनच घ्यावी, कारण अनरियलआयआरसीडी या आयआरसी सर्व्हरच्या ३.२.८.१ आवृत्तीची चोरदरवाजा घातलेली प्रत नोव्हेंबर २००९पासून जून २०१०पर्यंत काही मिररवर (डाउनलोडसाठी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवर) कोणाच्या लक्षात न येता पडून होती. सध्याचे चॅट रूम वाचनालयाच्या अंतर्गत नेटवर्कपुरतेच, राउटरवरील पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) बंद ठेवून चालवल्यास धोका पुष्कळ कमी होतो, पण कोड तोच राहत असल्याने आतल्या माणसाचा खोडसाळपणा त्याने थांबत नाही.