देणे एका कंपनीचे, मालमत्ता दुसरीच्या नावे

प्रश्न : आमच्या मालाचे पैसे एका कंपनीकडे थकले आहेत. दावा दाखल केल्यावर कळले, की तिने कारखान्याची जमीन व यंत्रे त्याच संचालकांच्या दुसऱ्या कंपनीला विकली आहेत. दोन्ही कंपन्या कायद्याने स्वतंत्र असल्याने आता इलाज नाही, असे सांगण्यात आले. हे खरे आहे का?

उत्तर : इलाज आहे. कंपन्या स्वतंत्र आहेत हे मात्र खरे, आणि इंग्लंडमधल्या 1897 च्या सॉलोमन खटल्यापासून न्यायालये हे स्वतंत्र अस्तित्व सहजासहजी नाकारत नाहीत. म्हणून दोन्ही कंपन्या एकच आहेत हे सिद्ध करण्यात आपली शक्ती घालवू नका. आव्हान कंपनीला नव्हे, त्या हस्तांतराला द्या. परक्या कंपनीला हीच जमीन याच किमतीला विकली असती का, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे ठामपणे मांडायचा आहे.

फसवणुकीचा हेतू कोणी लिहून ठेवत नाही. तो परिस्थितीवरून सिद्ध करावा लागतो. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या आरंभी गाजलेल्या ट्वाइन खटल्यात एका कर्जदाराने आपली सर्व चीजवस्तू एका धनकोच्या, म्हणजे पैसे येणे असलेल्याच्या, नावे गुपचूप करून दिली होती, पण ताबा सोडला नव्हता. मेंढ्यांची लोकर तोच कातरत होता आणि त्यांच्यावर खूणही स्वतःचीच करत होता. आजही तपासायचे तेच. खरेदीखतातला मोबदला बँकेतून खरोखर आला, की संचालकांच्या जुन्या येण्यापोटी वळता करून घेतला? यंत्रे अजून त्याच शेडमध्ये, त्याच कामगारांच्या हाताखाली चालतात का? विजेचे बिल कोण भरते? व्यवहार तुमच्या नोटिशीनंतर झाला असेल, तर तारखाच पुष्कळ बोलतात.

जमिनीसाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 53 आहे. धनकोंना बुडवण्यासाठी किंवा रखडवण्यासाठी केलेले हस्तांतर त्यामुळे रद्द करून घेता येते. मात्र असा दावा सर्व धनकोंच्या वतीने करावा लागतो, म्हणजे परत आलेली जमीन एकट्या तुमची होत नाही. हे कलम स्थावर मालमत्तेपुरतेच आहे. यंत्रांच्या बाबतीत 2016 च्या दिवाळखोरी संहितेचा मार्ग अधिक उपयोगी पडतो, अर्थात थकबाकी एक कोटी रुपयांची मर्यादा गाठत असेल तर, किंवा दुसऱ्या कोणाच्या अर्जावर कार्यवाही आधीच सुरू झाली असेल तर. कमी किमतीत किंवा एखाद्या धनकोला झुकते माप देऊन केलेले व्यवहार एरवी एक वर्ष मागेपर्यंत तपासले जातात, पण संबंधित पक्षाशी, म्हणजे कंपनीशी जोडलेल्या व्यक्ती वा कंपनीशी, केलेले दोन वर्षांपर्यंत. धनकोंना फसवण्याच्या हेतूने केलेल्या व्यवहारांसाठीच्या कलम 49 मध्ये अशी कालमर्यादा घातलेलीच नाही. जेपी इन्फ्राटेक प्रकरणात तर त्या कंपनीने आपल्या नियंत्रक कंपनीच्या कर्जासाठी स्वतःची जमीन गहाण टाकली होती, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी गहाणखते झुकते माप देणारी ठरवली.

विलंब मात्र परवडणारा नाही. दुसऱ्या कंपनीकडून एखाद्या तिऱ्हाइताने पुरेसा मोबदला देऊन व प्रामाणिकपणे जमीन घेतली, तर ती त्याच्या हातून परत मिळवणे जवळपास अशक्य होते. म्हणून दुसऱ्या कंपनीलाही प्रतिवादी करा, जमीन व यंत्रे पुढे विकू नयेत यासाठी तातडीने मनाई हुकूम मागा आणि त्या अर्जासोबत खरेदीखत, सूची क्रमांक 2 चा (नोंदणी कार्यालयातल्या व्यवहाराच्या नोंदीचा) उतारा व दोन्ही कंपन्यांचे ताळेबंद जोडा.