फाडफाड नको, नीट हवं: इंग्रजी शिकणाऱ्यांचे प्रश्न

सातारा-सांगली भागात कम्युनिटी कॉलेजांच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गांना जाणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : वय ४६, दहावीनंतर शिक्षण थांबलं. आता कोरेगावहून साताऱ्याला संध्याकाळच्या वर्गाला येते. कोर्स तीन महिन्यांचा आहे. 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी' असे फलक सगळीकडे दिसतात. तेवढ्यात खरंच बोलता येईल का? (गृहिणी, कोरेगाव)

बोलता येईल, पण फाडफाड नाही. महिने मोजू नका, तास मोजा. रोज दीड तास, आठवड्याला पाच दिवस, बारा आठवडे, म्हणजे ९० तास झाले. भाषा किती आली हे मोजायची युरोपची एक पट्टी आहे. तिच्यात ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्यांचा ढोबळ अंदाज असा, की शून्यापासून सुरुवात केली तर ए१ ला ९० ते १०० तास लागतात, ए२ ला एकूण १८० ते २००, आणि बी१ ला ३५० ते ४००. ओळखीच्या विषयावर अडखळत का होईना स्वतःचं स्वतः निभावून नेता आलं, की बी१ आली म्हणायची. मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत उभं राहून प्रश्न विचारायचा तर ही पायरी हवी.

तुमची सुरुवात मात्र शून्यापासून नाही. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून असायचं, म्हणजे तुमची सहा वर्षं झालेली आहेत. ते शब्द गंजलेत, गेलेले नाहीत.

वर्गाबाहेर रोज वीस मिनिटं द्या आणि ती बोलण्यातच घालवा. एक साधा विषय घ्या, समजा आज सकाळी काय काय केलं. मोबाइलवर घड्याळ लावून त्यावर चार मिनिटं बोला. लगेच तेच तीन मिनिटांत सांगा, मग दोन मिनिटांत. पहिल्या फेरीत शब्द शोधण्यातच वेळ जातो. तिसऱ्या फेरीत शब्द हाताशी आलेले असतात, त्यामुळे वाक्यं सलग येतात. चार मिनिटं जड गेली तर दोन, दीड आणि एक अशी उतरण करा.

वर्गाचा आणखी एक हिशेब मांडून बघा. ९० मिनिटांचा तास आहे, चाळीस जण आहेत आणि एका वेळी एकच जण बोलतो. शिक्षकांनी तोंड मिटून घेतलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटं येतात. त्याच तासात अर्धा तास जोडीजोडीने बोलायला लावलं, तर प्रत्येकाला पंधरा मिनिटं मिळतात. प्रवेश घेण्याआधी फी विचाराच, पण जोड्या पाडतात का हेही विचारा.

प्रश्न : आमचे शिक्षक व्याकरण मराठीतून समजावतात. असा वर्ग सोडावा का? (विद्यार्थी, तासगाव)

सोडू नका. दोन मिनिटांत मराठीतून कळणारी गोष्ट पंधरा मिनिटं इंग्रजीतून ऐकून डोक्यावरून जाऊ देण्यात काही शहाणपण नाही. मात्र समजावणं संपल्यावरचा सराव इंग्रजीतच झाला पाहिजे. तासभर मराठीतून नियम आणि शेवटी पाच वाक्यं, असा वर्ग असेल तर मग जरूर विचार करा.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत फिटर आहे. शिफ्ट संपताना लॉगबुकात इंग्रजीत नोंद करावी लागते. सप्लायर उद्या येतो म्हणाला, म्हणून मी 'ही टोल्ड दॅट आय विल कम टुमारो' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मलाच विचारलं, तू का आला होतास? चूक कुठे झाली? (फिटर, सांगली)

चूक मराठीच्या सवयीची आहे. आपण 'तो म्हणाला की मी उद्या येतो' असं म्हणतो. 'की' नंतर त्याचेच शब्द जसेच्या तसे ठेवतो आणि त्यातला 'मी' म्हणजे तो, हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत 'दॅट' आला की सगळं लिहिणाऱ्याच्या जागेवरून सांगायचं असतं. त्यामुळे तुमच्या वाक्यातला 'आय' म्हणजे तुम्हीच झालात.

दुरुस्ती चार ठिकाणी आहे. 'आय'चा 'ही' करा. 'विल'चा 'वुड' करा. 'टोल्ड'ला कुणाला सांगितलं तो माणूस लागतो, म्हणून 'टोल्ड मी' तरी लिहा, नाहीतर नुसतं 'सेड'. चौथी दुरुस्ती व्याकरणाची नाही, कामाची आहे. लॉगबुक दुसऱ्या दिवशी वाचतात, तेव्हा त्यातला 'टुमारो' कुठला, हे कुणालाच कळत नाही. तारीख लिहा : 'द सप्लायर सेड ही वुड कम ऑन १२ जून.'

दुसरी नेहमीची अडचण 'पासून'ची. मशिन दोन तासांपासून बंद आहे आणि मशिन सहा वाजल्यापासून बंद आहे, दोन्हीकडे आपण 'पासून'च वापरतो. इंग्रजी तिथे दोन शब्द करते. किती वेळ हे सांगायचं तर 'फॉर', कधीपासून हे सांगायचं तर 'सिन्स'. शिवाय बिघाड अजून चालू असेल तर 'इज' चालत नाही, 'हॅज बीन' लागतं : 'द मशिन हॅज बीन डाउन फॉर टू अवर्स', 'द मशिन हॅज बीन डाउन सिन्स सिक्स'.

आणि प्रत्येक नोंदीला पूर्ण वाक्याचा साज चढवायची गरज नाही. '०२:१०. पंप सील चेंज्ड. लीकेज स्टॉप्ड.' एवढं लॉगबुकात चालतं, उलट लवकर वाचून होतं. कुणी काय सांगितलं, कुणी काय कबूल केलं, एवढ्याच ठिकाणी पूर्ण वाक्य लिहा.

प्रश्न : नर्सिंगला आहे. लिहिणं जमतं, पण माझे उच्चार ऐकून बाहेरून आलेले डॉक्टर पुन्हा विचारतात. नेमकं काय सुधारू? (विद्यार्थिनी, मिरज)

सगळे उच्चार सुधारायला निघालात तर हाती काही लागणार नाही. तीन गोष्टी धरा.

पहिली गोष्ट 'व'. आपला 'व' इंग्रजीच्या व्ही आणि डब्ल्यूच्या मधोमध कुठेतरी बसतो, म्हणून ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. त्यात आपल्या लिहिण्यानं घोळ वाढवलाय. 'व्हॅन' लिहिताना आपण 'व्ह' वापरतो आणि 'व्हाय' लिहितानाही 'व्ह'च. पण पहिल्यात व्ही आहे, दुसऱ्यात डब्ल्यू. आरसा घ्या. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेला टेकवा आणि हवा घासत सोडा, ओठाला गुदगुल्या व्हायला हव्यात. डब्ल्यूसाठी शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ गोल करा, दातांचा काही संबंध नाही. शिरेसाठीचा 'व्हेन' दातांनी, 'वॉर्ड' ओठांनी, जखमेसाठीचा 'वूंड' ओठांनी. हे तीन शब्द रोज दहा वेळा म्हणा.

दुसरी गोष्ट झेड. इथे मराठी तुमच्या बाजूनं आहे. 'जीव' आणि 'जर' म्हणून बघा, दोन्ही 'ज' वेगळे आहेत. 'जर'चा 'ज' दातांजवळ होतो. तोच लांबवा, जीभ टेकू न देता, माशीसारखा आवाज येईपर्यंत. तो झाला झेड. आजारासाठीच्या 'डिझीझ'मध्ये तो दोनदा येतो. पण 'डोस'च्या शेवटी साधा 'स' आहे, तिथे 'डोझ' म्हणू नका. औषध किती द्यायचं, हे सांगताना 'डोस' की 'डोझ' असा गोंधळ पुष्कळांचा होतो.

तिसरी गोष्ट भूतकाळाचा 'ईडी'. 'चेकेड', 'ड्रेसेड', 'क्लीनेड' असं कुठेच नसतं. घशावर बोट ठेवून मूळ शब्दाचा शेवटचा आवाज काढा. घसा थरथरला नाही, तर 'ट' : चेक्ट, ड्रेस्ट. थरथरला, तर 'ड' : क्लीन्ड, डिस्चार्ज्ड. मूळ शब्दच ट किंवा ड वर संपत असेल तेव्हाच 'इड' : ॲडमिटिड, नीडिड. रुग्णाच्या माहितीत हा शेवट गिळला तर काम झालंय की करायचंय, हेच कळत नाही. उच्चार अगदी ब्रिटिश नसला तरी चालेल. शेवट मात्र ऐकू आला पाहिजे.

प्रश्न : रोज वीस शब्द पाठ करतो आणि आठवड्यानं त्यातले तीन आठवतात. दुकानात पाचगणी-महाबळेश्वरला जाणारे परदेशी गिऱ्हाईक येतात, म्हणून शिकतोय. (किराणा दुकानदार, वाई)

वीस फार झाले, आठ पुरेत. आणि वहीत यादी करू नका, वहीत शब्दाची जागाच आठवते, शब्द नाही. कंदी पेढ्यांचा एक किलोचा रिकामा खोका घ्या आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून त्याचे पाच कप्पे करा. आधी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर तूप कार्डांना लागतं आणि मागोमाग मुंग्या येतात. जाड कागदाचे पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे तुकडे कापा. एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला तेच इंग्रजीत, कामाच्या शब्दाखाली रेघ. सुटा शब्द लिहू नका, दुकानात गिऱ्हाईक सुट्या शब्दात बोलत नाही.

नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं. दुसरा कप्पा दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्यानं, पाचवा पंधरवड्यानं बघायचा. चुकलं की कार्ड कुठेही असो, सरळ पहिल्या कप्प्यात परत. मराठी बाजू बघून इंग्रजी मोठ्यानं म्हणायचं. उलट केलं तर ओळखता येतं, बोलता येत नाही.

एक खबरदारी घ्या. जोडीचे शब्द एकाच दिवशी घेऊ नका. 'लेंड' आणि 'बॉरो' एकत्र शिकलेला माणूस आयुष्यभर अडखळतो, कारण आपल्याकडे उसनं देतात तेही उसनंच आणि घेतात तेही उसनंच. आधी 'लेंड' तिसऱ्या कप्प्यापर्यंत जाऊ द्या, मग 'बॉरो' आणा.

कुठले शब्द घ्यायचे? बंगालमध्ये बरीच वर्षं इंग्रजी शिकवलेल्या मायकल वेस्ट यांनी १९५३ साली सर्वाधिक वापरातल्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी छापली. ती जुनी झाली तरी तिच्यातले बहुतेक शब्द आजही रोजचेच आहेत. रोज आठ या हिशेबानं दोन हजारांना २५० दिवस लागतील. तुमच्यासाठी मात्र पहिली शंभर कार्डं यादीतली नकोत, गल्ल्यावरची हवीत : सुटे पैसे, पिशवी, पॅकेटवरची तारीख, अर्धा किलो, 'हे संपलंय, परवा येईल'.