मार्टाने एकदाही वर्ल्डकप जिंकला नाही, मग तिला एवढी मोठी का मानतात?

तुम्ही विचारलंय, सहा वर्ल्डकप खेळून एकही न जिंकलेल्या ब्राझीलच्या फुटबॉलपटू मार्टाला सर्वश्रेष्ठ का म्हणतात, की पेपरवाल्यांनी फुगवलेलं नाव आहे. फुगवलेलं नाही. पण तुम्ही माप आणलंय पुरुषांच्या फुटबॉलचं, आणि त्या मापात ती बसत नाही.

आधी माझा कल कुठे आहे ते सांगते, मग पुढचं कितपत मानायचं ते तुम्ही ठरवा. मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले, वडील लोको शेडला होते. संध्याकाळी ग्राउंडवर पोरं फुटबॉल खेळायची आणि भाऊ गोलकीपर, म्हणून मला गोलामागे बॉल आणायला उभं करायचे. आणलेला बॉल हाताने फेकायचा कंटाळा आला तशी मी लाथेने मारायला लागले. आठवीत शाळेची मुलींची टीम झाली, नववी संपता संपता मोडली. बारा जणी होतो, आठ उरलो. आजी चोपड्याकडची, ती आली की आईला ऐकवायची, "बाईनी जात शे, पाय मोडी गया ते लगीन कोन करी?" पाय शाबूत राहिला, टीमच मोडली. आता चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत पीटी शिकवते. मार्टा माझ्याच वयाची आहे, जन्म १९ फेब्रुवारी १९८६. हे मी पोरींना दरवर्षी सांगते, त्या दरवर्षी हसतात.

तिचं गाव दोइस रियाशोस, ब्राझीलच्या ईशान्येला अलागोआस राज्यात. दुष्काळी पट्टा. आपल्याकडचं पारोळ्याच्या बाजूचं एखादं कोरडवाहू गाव डोळ्यापुढे आणा, फार चुकणार नाही. ती तान्ही असतानाच बाप घर सोडून गेला, आईने चार लेकरं वाढवली. बॉल नसला की प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा बोळा करून खेळायची, पोरांबरोबर. १४ व्या वर्षी बसने तीन दिवसांचा प्रवास करून रिओला गेली आणि वास्को द गामा क्लबच्या चाचणीत उतरली.

आता जी गोष्ट तुमच्या प्रश्नात राहून गेली ती. ब्राझीलमध्ये १९४१ साली सरकारने बायकांच्या फुटबॉलवर बंदी घातली. बाईच्या शरीराला हा खेळ मानवत नाही, असं कारण. ती उठली १९७९ साली. म्हणजे पेले १९५८, १९६२, १९७० असे तीन वर्ल्डकप जिंकत होते, त्या सगळ्या काळात त्याच देशात बाईने फुटबॉल खेळणं कायद्याने मना होतं. मार्टा जन्मली तेव्हा बंदी उठून जेमतेम सात वर्षं झालेली. मुलींची राष्ट्रीय लीग तिथे सुरू झाली २०१३ साली, तोवर मार्टा पाच वेळा जगातली सर्वोत्तम ठरून गेलेली होती. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने शाळा-कॉलेजांत मुलींना खेळाची दारं उघडली, जर्मनीत मुलींची राष्ट्रीय लीग, बुंडेसलीगा, १९९० पासून. वर्ल्डकप कोणी जिंकले ते बघा, मग समजेल. तो एकटीने जिंकायचा कप नाही, मागे पाच-पंचवीस वर्षांची मशागत लागते. मार्टाचं आधी पीक आलं, नांगरट नंतर झाली.

१८ वर्षांची होता होता, २००४ साली, ती स्वीडनच्या उमेओ क्लबला गेली. उमेओ म्हणजे पार उत्तरेला, थंडीत दुपारीच अंधार पडतो. भाषा येत नाही, बर्फ कधी पाहिलेला नाही. त्याच वर्षी उमेओने युरोपचा कप जिंकला, फायनलच्या दोन मॅच मिळून फ्रँकफुर्टवर ८-० ने. मग २००५ ते २००८ सलग चार वर्षं स्वीडनची लीग. फिफाचा सर्वोत्तम खेळाडूचा मान २००६ ते २०१० सलग पाच वेळा, आणि पुन्हा २०१८ ला. पुढे ती स्वीडनची नागरिकही झाली.

आणि तो २००७ चा गोल. वेळ असेल तर हे उत्तर इथेच सोडा आणि आधी तो बघून या. चीनमधल्या वर्ल्डकपची सेमीफायनल, समोर अमेरिका, जी ५१ मॅच हरली नव्हती. ७९ वं मिनिट. मार्टा डाव्या बाजूला, गोलकडे पाठ, अंगावर एक डिफेंडर चिकटलेली. बॉल आला. तिने तो हलकेच उडवून डिफेंडरच्या एका बाजूने मागे काढला आणि स्वतः गिरकी घेऊन दुसऱ्या बाजूने पळाली. ती डिफेंडर दोन्हीकडे बघत राहिली. पुढे आणखी एक होती, तिला आत कापलं, आणि गोल. ब्राझील ४-० जिंकलं. मी माझ्या पोरींना हे शिकवायचा प्रयत्न केलाय. बॉल एकीकडून, आपण दुसरीकडून, ऐकायला सोपं. करताना बॉल एकीकडे जातो आणि पोरगी तिसरीकडेच.

त्या वर्ल्डकपमध्ये ७ गोल, सर्वाधिक गोलचा आणि सर्वोत्तम खेळाडूचा, दोन्ही मान तिलाच. पण फायनलला जर्मनीसमोर, १-० ने मागे असताना, पेनल्टी मिळाली ती मार्टाने मारली आणि त्यांची गोलकीपर नादिने अँगररने अडवली. शेवटी २-०. तुमचा मुद्दा इथे खरा आहे, तो मी लपवत नाही. २००४ आणि २००८ च्या ऑलिंपिक फायनलही गेल्या, दोन्ही जादा वेळेत, दोन्ही अमेरिकेकडून. २०११ च्या वर्ल्डकपला अमेरिकेविरुद्धच दोन गोल करूनही १२२ व्या मिनिटाला बरोबरी झाली आणि पेनल्टीवर बाहेर. जर्मनीच्या बिर्गिट प्रिन्झकडे दोन वर्ल्डकप आहेत, तिला थोर म्हणायचं असेल तर माझी ना नाही.

मला मात्र मार्टाचं मोठेपण २००७ पेक्षा त्यानंतरच्या सात वर्षांत दिसतं, ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. २००९ ला ती अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस सोलला गेली, लीगमध्ये सर्वाधिक गोल केले. २०१० च्या जानेवारीत क्लब बंद. मग गोल्ड प्राइड, १९ गोल आणि विजेतेपद. वर्ष सरायच्या आत तोही बंद. मग वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅश, २०११ ला पुन्हा विजेतेपद, आणि २०१२ च्या जानेवारीत त्या वर्षीची लीगच रद्द, पुढे लीगही गुंडाळली. मध्ये ब्राझीलमधल्या सांतोसकडून खेळून २००९ ची कोपा लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा, जिंकली होती. सांतोसनेही २०१२ ला मुलींची टीम बंद केली. परत स्वीडन, ट्युरेसो क्लब. २०१२ ला लीग जिंकली, २०१४ ला युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत पोचले. मार्टाने त्या फायनलमध्ये दोन गोल मारले, वोल्फ्सबुर्गकडून ४-३ हरले. हे चालू असताना क्लबकडे पैसे संपलेले होते. त्याच हंगामात ट्युरेसो लीगमधून बाहेर.

सात वर्षांत इतक्यांदा पायाखालचं मैदान काढून घेतलं. मेस्सी जगातला सर्वोत्तम ठरतो आणि त्याचा क्लब डिसेंबरात कुलूप लावतो, असं कधी ऐकलंय? म्हणून मला विचाराल तर तिचं सगळ्यात मोठं वर्ष २०१०. जानेवारीत क्लब गेला, तरी नवीन टीममध्ये जाऊन १९ गोल. मी एक टीम मोडली तेव्हा बूट माळ्यावर टाकले होते. माझं सोडा.

आकडाच हवा असेल तर एक पुरेसा आहे. वर्ल्डकपमध्ये १७ गोल. पुरुषांत जर्मनीच्या क्लोझेचे १६. आणि हे १७ पाच वेगवेगळ्या वर्ल्डकपमध्ये, २००३ पासून २०१९ पर्यंत. २०१९ ला तिने बुटावर कुठल्याच कंपनीचं चिन्ह घेतलं नव्हतं, देऊ केलेले पैसे तिला कमी वाटले म्हणून. त्याऐवजी समानतेची खूण लावून खेळली. फ्रान्सकडून हरून बाहेर पडल्यावर कॅमेऱ्याकडे बघून ब्राझीलच्या पोरींना म्हणाली, की मार्टा कायम असणार नाही, फोर्मिगा, क्रिस्तियाने (तिच्या टीममधल्या जुन्या खेळाडू) कायम असणार नाहीत. आता रडा, म्हणजे शेवटी हसाल. आमच्या पोरींना मी ते वाक्य लिहून दिलं होतं. एकीने त्याखाली "आम्ही रडणार नाही" असं लिहून आणलं.

२०१७ पासून ती अमेरिकेतल्या ऑर्लँडो प्राइड क्लबला आहे. मधली बरीच वर्षं टीम तळाकडे, त्यातच तिचा गुडघा गेला. २०२४ ला, ३८ व्या वर्षी, कॅप्टन म्हणून लीग जिंकली. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकला स्पेनविरुद्ध रेड कार्ड मिळून रडत मैदानाबाहेर गेली, दोन मॅचची बंदी. टीम तिच्याशिवाय फायनलला पोचली. तिथे पुन्हा अमेरिका, १-०, तिसरं रौप्य.

तिच्याशिवाय पोचली, हे मला फार आवडलं. मशागतीचं म्हणते ते हेच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये इक्वेडोरच्या कीटोला कोपा अमेरिकाची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेची, फायनल झाली, कोलंबियाविरुद्ध. ३९ वर्षांची मार्टा शेवटी शेवटी मैदानात आली, ९६ व्या मिनिटाला लांबून बरोबरी केली, जादा वेळेत आणखी एक मारला. ४-४. पेनल्टीत तिची हुकली, ब्राझील जिंकलं. मधल्या सुट्टीत मी मोबाइलवर पोरींना दाखवत होते. सातवीतली एक म्हणाली, "मॅडम, हिची तर पेनल्टी हुकली."

"हुकली."

"मग कप कसा मिळाला?"

"बाकीच्यांनी मारल्या ना."

"त्या बाकीच्या कोण?"

मला सगळ्यांची नावं सांगता आली नाहीत. उद्या शोधून आणते म्हटलं.